सारवणाची रांग

यावल,
रविवार, ६ डिसेंबर १९८७

तीर्थरूप आबांस,

साष्टांग नमस्कार. आधी खुशाली, मग काम, असा पत्राचा क्रम तुम्हीच लावून दिलात, म्हणून आधी खुशाली. माझी तब्येत ठीक आहे. आमच्या अध्यापक विद्यालयातल्या कुसुमलताच्या घरची माणसं मायाळू आहेत. तिच्या वडिलांचं, दलिचंदशेठचं, इथे कापडाचं दुकान आहे आणि दुकानावरच्या माडीत आम्हा दोघींना खोली दिली आहे. जैनांचं घर, त्यामुळे कांदा-लसूण नाही. मायच्या ठेच्याची फार आठवण येते, पण पाठवू नका. इथे बरणी उघडायचीही चोरी आहे.

माझं मागचं पत्र तुम्ही लाल शाईने तपासून परत पाठवलंत, ते मिळालं. कुसुमलताला हसू आवरेना. म्हणाली, "तुझे वडील पत्राला गुण पण देतात का गं?" मी म्हटलं, आज दिले नाहीत म्हणजे मी नापास असणार.

आता काम. छात्रसेवाकाल सुरू झाला, म्हणजे आता खऱ्या वर्गावर शिकवायचं. शाळा यावलपासून बसने अर्ध्या तासावर, केळीच्या बागांमध्ये आहे. मला पहिली-दुसरीचा जोडवर्ग मिळाला. वर्गशिक्षिका पुष्पाबाई. मी नाव सांगितलं आणि त्या खुर्चीतून उठल्याच. "तोताराम गुरुजींची मुलगी? अगं, माझी पहिली नेमणूक गुरुजींच्या हाताखाली होती! वर्ग कसा राखायचा ते मी त्यांच्याकडून शिकले." मग मला चहा, मग शाळेतल्या सगळ्या गुरुजींशी ओळख. तुमचं नाव इथपर्यंत पोचलं आहे. अभिमान वाटला, खरंच लिहिते.

आणि वर्गही ओळखीचा निघाला. दाराकडची रांग हुशारांची, मधली मधल्यांची आणि भिंतीकडची तिसरी. तुमच्या शाळेत तिसऱ्या रांगेला पाण्याची रांग म्हणायचे. विहिरीवरून पाणी आणायचं काम तिच्याकडे. इथे नळ आहे, म्हणून तिसरी रांग झाडते आणि जमीन सारवते. बाकीच्यांची पाटी चालू असताना हिचं घमेलं चालू. मुलं बहुतेक मजुरांची. जमीन मात्र अशी की ताट न घेता जेवावं! स्वच्छ शाळेचं बक्षीस भिंतीवर टांगलेलं आहे.

त्या रांगेत ताईबाई नावाची मुलगी आहे. दुसरीतली. आईबाप शिंदखेड्याकडून केळीच्या बागेत मजुरीला आलेत, त्यामुळे ती आपली अहिराणी बोलते आणि इथली पोरं तिला चिडवतात. मी तिच्याशी अहिराणीत बोलले तर लगेच चिकटली. पहिल्याच दिवशी मला हात धरून कोपऱ्यात नेलं आणि जमीन दाखवली. "बाई, देखा. बठ्ठी शाळामा मीच चांगली सारवस." खोटं नाही, सगळ्या शाळेत तिच्याइतकं छान कुणी सारवत नाही. बोटांचे अर्धगोल असे एकसारखे की मायलाही जमणार नाहीत. (हे मायला वाचून दाखवू नका.)

दुसरीत आहे आणि तिला एक अक्षर येत नाही. पुष्पाबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "तिचा हात फार चांगला आहे गं."

तुमच्या ३१ मार्चच्या सत्काराची पत्रिका मिळाली. निवृत्तीचा समारंभ म्हणजे आमदार, सरपंच सगळे येणार आणि त्यात 'कन्येचे मनोगत' म्हणून माझं नाव छापून मोकळे झालात. विचारायचं तरी होतं. असो. भाषण लिहून पाठवीन, तुम्ही तपासालच.

माय विचारत होती ना, झुलालभाऊची काही खबर आहे का म्हणून. सुरतेहून आलेलं कुणी भेटलं तर विचारीन. अजून तरी कुणी भेटलं नाही.

मायला नमस्कार. 

आपली आज्ञाधारक,
प्रमिला


यावल,
रविवार, १७ जानेवारी १९८८

तीर्थरूप आबांस,

साष्टांग नमस्कार. तुमचं चार पानी पत्र मिळालं. एवढं मोठं पत्र तुम्ही मला आजवर लिहिलं नव्हतं, तेव्हा माझा प्रश्न लागला असणार. मधल्या पत्रात मी एवढंच विचारलं होतं, की दुसरीतल्या मुलीला एक अक्षर येत नसताना तिला सारवायला का बसवायचं.

तुम्ही लिहिता, ज्याला अक्षर लागत नाही त्याला हाताचं काम द्यावं. त्याचं मन रमतं, त्याला शाळा आपली वाटते, ते चौथीपर्यंत टिकतं. नाहीतर घरी बसतं आणि आईबाप शेतात जुंपतात. पटलं, आबा. खोटं बोलत नाही, पटलं. ताईबाई इतकी आनंदात शाळेत येते की हुशारांच्या रांगेतलं एक पोर तसं येत नसेल. माझ्या आधी येऊन दारात बसलेली असते.

पण आमच्या अध्यापक विद्यालयात आम्हाला शिकवतात की मूल कोरं नसतं, शिक्षक आळशी असतो. पुस्तकातलं वाक्य आहे, रागावू नका. मला वाटलं, बघू तर खरं. तिला उचलून पहिल्या रांगेत बसवलं आणि हातात पाटी दिली. तर ती रडायला लागली. हुंदके देत म्हणते, "मनी काय चूक व्हयनी बाई?" माझं काय चुकलं! तिला वाटलं शिक्षा केली. तिच्या जागी दुसऱ्या मुलीने घमेलं घेतलं होतं, तिकडे बघून बघून रडत होती. पुष्पाबाई लांबून बघत होत्या. हसल्या.

मला राग आला. कुणाचा ते तेव्हा कळलं नाही.

मग मी दुसरी युक्ती केली. वर्ग भरायच्या आधी येते आणि ती सारवायला बसली की मीही पदर खोचून तिच्याशेजारी बसते. ओल्या सारवणात बोटाने 'ता' काढला. म्हटलं, हा तुझा. तिने बघितलं, हाताने पुसला, पुन्हा सारवलं आणि स्वतः काढला. माझ्यापेक्षा गोल. तिच्या नावात बघा ना, अक्षरं किती थोडी, 'ई' तर दोनदा येते. आठवड्यात नाव आलं. मग तिच्या आईचं, भागाबाईचं. मग 'केळ'. 'केळ'चा 'ळ' तिला इतका आवडला की एक दिवस आख्ख्या भिंतीकडेने 'ळ'च 'ळ' काढून ठेवले. ते वाळल्यावर जमीन अशी खडबडीत झाली की पोरांच्या पाट्या डगमगायला लागल्या.

पुष्पाबाई म्हणाल्या, "प्रमिला, खेळ पुरे. माझं बक्षीस जाईल." पण हसतच म्हणाल्या. वाईट बाई नाहीत त्या. मुलांच्या डोक्यात उवा झाल्या की स्वतः वेचतात.

गंमत म्हणजे ताईबाईला अजून माहीत नाही की ती लिहायला शिकते आहे. तिला वाटतं, बाईंनी सारवणाची नवी नक्षी दाखवली. पाटीवर मात्र लिहीत नाही. पाटी दिली की हात मागे. माझ्या शेवटच्या पाठाला अध्यापक विद्यालयाच्या मॅडम जळगावहून निरीक्षणाला येणार आहेत, फेब्रुवारीत. तोवर मी तिला पाटीवर आणणार. त्या दिवशी ती उभी राहून फळ्यावरचं वाचणार. पाठाच्या टाचणात तसं लिहून टाकलं आहे. आबा, मला हे फार हवं आहे. माझ्या गुणांसाठी नाही. म्हणजे गुणांसाठीही आहे, पण तेवढ्यासाठी नाही.

भाषणाचा मसुदा सोबत पाठवते. सगळे जे सांगतात तेच लिहिलं आहे. गुरुजींची शाळा कधी बंद राहिली नाही, गुरुजींनी कुणात भेद केला नाही, स्वतःच्या मुलालाही इतरांसारखाच पाण्याच्या रांगेत बसवला. हे शेवटचं वाक्य ऐकून लोक टाळ्या वाजवतील. गावात आजही हेच सांगतात. पुष्पाबाईंनीही परवा सांगितलं, डोळ्यांत पाणी आणून.

जास्त काय लिहू. तपासून परत पाठवा.

आपली,
प्रमिला


यावल,
रविवार, १३ मार्च १९८८

आबा,

नमस्कार. मी ठीक आहे. तुम्ही दोघं ठीक असाल.

तीन पत्रं आली तुमची. भाषणाचा मसुदाही मिळाला. शुद्धलेखनाच्या चार चुका आणि शेवटच्या वाक्याखाली लाल शाईने 'सुंदर'. एवढा मोठा शेरा मला तुमच्याकडून कधी मिळाला नव्हता. उत्तर दिलं नाही. आज लिहायला बसले आहे तर सगळं लिहिते. राग आला तर येऊ दे.

माझा शेवटचा पाठ झाला. मॅडम दहाच्या बसने आल्या. पुष्पाबाईंनी आदल्या दिवशीच आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण बांधून घेतलं होतं. मी तक्ते लावले, फळा धुतला. ताईबाई पहाटेच येऊन बसली होती. मी तिला सांगून ठेवलं होतं की आज मोठ्या बाई येणार आहेत. तिला वाटलं, मोठ्या बाई सारवण बघायला येणार. म्हणून तिने आख्खा वर्ग सारवला आणि जेवढं तिला येत होतं तेवढं सगळं जमिनीवर काढून ठेवलं. नाव, आईचं नाव, केळ, कमळ. दारापासून फळ्यापर्यंत.

मी बघितलं आणि मला रडू आलं, आबा. दुसरीतल्या पोरीने माझ्यासाठी आख्खी जमीन लिहून काढली होती.

मॅडम दारातच थांबल्या. म्हणाल्या, "जमीन अशी का? मुलं बसणार कुठे?" सारवण अजून ओलं होतं. पुष्पाबाई पुढे झाल्या. "लगेच करून घेते मॅडम. ताईबाई, ऊठ, एक हात फिरव."

मी म्हटलं, "बाई, थांबा. ती आज वाचणार आहे. मॅडम, हे तिनेच लिहिलं आहे." आणि ताईबाईला फळ्याजवळ नेलं. तिचे हात कोपरापर्यंत शेणाचे. फळ्यावर 'कमळ' लिहिलेलं होतं. तोच शब्द तिच्या पायाजवळ जमिनीवर होता, तिच्या हातचा. मी म्हटलं, वाच. सगळा वर्ग बघतोय, मॅडम बघतायत. तिने तोंड उघडलं नाही. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा माझा आवाज चढला असणार.

तेव्हा पुष्पाबाई तिला वाचवायला म्हणून बोलल्या. वाईट मनाने नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्या म्हणाल्या, "अगं प्रमिला, तिला कशाला छळतेस? तिला अक्षर येत नाही म्हणून तर आपण तिला सारवायला ठेवली आहे."

कुणी हसलं नाही. पोरांना त्यात नवीन काही नव्हतं. एकटी ताईबाई पुष्पाबाईंकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मग घमेलं घेऊन खाली बसली आणि दारापासून सारवत सारवत फळ्यापर्यंत आली. नाव पुसलं, आईचं नाव पुसलं, सगळं पुसलं. इतकं नीट की मॅडमनी नंतर विचारलं, ही कुठल्या वर्गातली? घमेलं जागेवर ठेवलं, हात धुतले आणि निघून गेली.

मी पाठ घेतला. हेतुकथन, विवेचन, सगळं टाचणाप्रमाणे. मॅडमचा शेरा आहे : 'वर्ग स्वच्छ व शिस्तबद्ध. पाठ उत्तम.' वर्गात सगळ्यांत जास्त गुण मला पडले आहेत. तुम्हाला हीच बातमी हवी होती ना, ती ही.

ताईबाई दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी बागेत गेले. भागाबाई वाळलेली पानं तोडत होती आणि ताईबाई ती ओढून बांधावर नेत होती. भागाबाई म्हणाली, "बाई, काय व्हयनं ते सांगत नही. पोर शाळानं नावबी काढू देत नही." तिला वाटलं मी मारलं असेन. तसं विचारलंही नाही तिने, नुसतं माझ्या हातांकडे बघितलं.

मी ताईबाईला जवळ घ्यायला गेले तर ती पानांच्या भाऱ्यामागे गेली. तिथूनच म्हणाली, "बठ्ठासले माहीत व्हतं. मालेच माहीत नव्हतं."

सगळ्यांना माहीत होतं, फक्त तिला नव्हतं. आणि तिला येत होतं, आबा. लिहून दाखवलं होतं तिने. पण ते मी सांगितलेलं तिने ऐकलं नाही आणि मी तिच्या जागी असते तर मीही ऐकलं नसतं.

पुष्पाबाईंनी मला स्पष्ट सांगितलं. "माझ्याजवळ ती चौथीपर्यंत हसत टिकली असती. तू दोन महिन्यांत घालवलीस." मग मला रडताना बघून पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "गुरुजींनी स्वतःच्या पोराला पाण्याच्या रांगेत बसवला तेव्हा मी तिथेच होते. काळजावर दगड ठेवून बसवला असेल. पण बघ, पोरगा किती खुशीत पाणी आणायचा!"

खुशीतच आणायचा. मला आठवतं. मी पहिल्या रांगेत होते आणि भाऊने घागर भरून आणली की पहिला पेला मला द्यायचा, तुमच्याही आधी. सगळ्या शाळेला पाणी पाजायचा म्हणून कॉलर ताठ. विहिरीवर कुणी दुसरा गेला तर मारामारी करायचा. घरी जेवताना सांगायचा, आज मी किती खेपा केल्या. तुम्ही म्हणायचात, शाब्बास. मी तुमच्याशेजारी बसून पाढे म्हणायचे आणि मलाही शाब्बास. दोघांना एकच शब्द.

आणि मग एक दिवस त्याने घागर वर्गाच्या दारात ठेवली आणि तो आला नाही. मिसरूड फुटायच्या आधी सुरतेला गेला. माय म्हणते वाईट संगत लागली. तुम्ही म्हणता डोक्यात राख घातली. मी आजवर तेच धरून चालले. आखाजीच्या सणाला सगळ्या गावाच्या लेकी-सुना, पोरं घरी येतात, आपल्या घरी एक ताट कमी असतं आणि त्यावर कुणी बोलत नाही.

त्याला कधी कळलं, आबा?

मला एवढंच सांगा. कुणी बोललं का त्याला वर्गात, तपासणीच्या साहेबांसमोर, का विहिरीवर? का तुम्हीच बोललात, पुष्पाबाईंसारखं, त्याला वाचवायला म्हणून? मी लहान होते, मला माहीत नाही. तुम्ही त्या वर्गात होतात. इतकी वर्षं तुम्हाला सगळ्या शाळेची हजेरी पाठ, हे एक आठवणार नाही असं होणार नाही.

तुमचं सगळं चुकलं असं मी म्हणत नाही. ताईबाई घरी बसली आणि आईबरोबर शेतात गेली, अगदी तुम्ही चार पानांत लिहिलं होतं तस्संच झालं. तुम्ही बरोबर निघालात. पण तिला कुणी पहिल्या दिवशी पाटी दिली असती तर? एवढी पोरं तुमच्या हाताखालून गेली. तिसऱ्या रांगेतल्या एकाला तरी तुम्ही शेजारी बसून 'ता' काढून दाखवलात का? स्वतःच्या पोराला दाखवलात का? दाखवूनही त्याला आला नसता तर गोष्ट वेगळी. तुम्हाला भेद करायचा नव्हता म्हणून तुम्ही भाऊला मागे बसवलंत आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो तुमचा मोठेपणा झाला. पाणी त्याने भरलं.

मला तुमचा फार राग आला आहे. अक्षर वाईट आलं असेल. या वेळी तपासू नका.

परीक्षा मी देईन. पास होईन. पुढे काय करायचं ते मला आज सांगता येत नाही. वर्गात पाऊल टाकायची भीती वाटते. ज्या बाईने इतक्या हौसेने शिकवलं तिच्यामुळेच पोर शाळेतून गेली, हे कुणाला सांगायचं?

सत्काराला मी येणार नाही. भाषण फाडून टाकलं. पत्रिकेत माझं नाव छापलं आहे, लोक विचारतील, तुम्हाला खाली बघावं लागेल. लागू दे.

घरातल्या कुणी बोललंच पाहिजे असं असेल तर झुलालभाऊला बोलवा. खुर्ची तुमच्या शेजारी ठेवा आणि त्याला जे बोलायचं ते बोलू दे, माईकवरून, आमदारांसमोर. नाही बोलला तरी बसू दे. पण त्याला पत्रिका टाकू नका. पोस्टकार्ड, तार, काहीही पाठवू नका. ते तो कुणाच्या तरी हातात देईल आणि कुणीतरी त्याला मोठ्याने वाचून दाखवील, आणि तो खाली मान घालून ऐकेल. नरडाण्याहून सुरतेची गाडी मिळते. तुम्ही स्वतः जा, आबा.

तुम्ही शेजारी बसवून लिहायला शिकवलेली तुमची मुलगी,
प्रमिला